बिनभिंतीचं दार

आमचे सर कशावरही टकटक करायचे. डबा उघडायच्या आधी झाकणावर दोनदा. कलिंगडावर सगळेच करतात म्हणा, पण सर नारळावर करायचे, भोपळ्यावर करायचे, आंब्याखाली बसायच्या आधी आंब्याच्या खोडावर करायचे आणि आतून कुणी 'बसा' म्हणेल म्हणून जरा थांबायचे. शहापूरच्या स्टँडला एसटी लागली की सगळी माणसं खिडकीतून रुमाल टाकायला धावायची. सर मात्र दाराशी उभे राहून, ते दार सताड उघडं असताना, बाजूच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. डोळखांब गाडीला एक कंडक्टर होता, मोठा खट्याळ. तो अदबीनं म्हणायचा, या साहेब, आत या, चहा ठेवतो. सर त्याचे मनापासून आभार मानायचे, आणि तोवर जागा संपलेली असल्यामुळे शेवटपर्यंत उभ्यानं जायचे.

माणूस वेडा आहे, असं शहापूरचं मत होतं. माझंही पहिला महिनाभर तेच होतं, खोटं कशाला बोलू.

ही नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. तालुक्यातल्या बेकार पोरापोरींना हाताचं काम शिकवायचं आणि कारखान्यात चिकटवून द्यायचं, अशी एक योजना आली होती. तिचं नाव एवढं लांबलचक होतं की रंगाऱ्यानं शेवटची अक्षरं पाटीच्या कोपऱ्यात कोंबून बसवली होती. भाताच्या गिरणीवरचा हॉल भाड्यानं घेतलेला. खाली गिरणी सुरू झाली की वर आमचे पाय थरथरायचे आणि संध्याकाळपर्यंत डोक्यात कोंडा. एका कोपऱ्यात वाइंडिंगचे मास्तर आम्हाला जळक्या मोटारीतली तांब्याची तार सोडवून नवीन भरायला शिकवायचे. उरलेला सगळा हॉल सरांचा. कारण शिकून झालेल्यांना नोकरीला लावायचं काम सरांचं.

सर त्याआधी मुंबईत कुठल्याशा कंपनीत नोकरभरतीच्या खात्यात होते. जन्मभर केबिनच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. टाय लावून गिरणीचा जिना चढणारे ते पहिलेच. टकटक ऐकली की मला माणूस कळतो, आत यायची गरजच नाही, असं सांगायचे. आणि आम्हाला सगळ्यांना अहो-जाहो करायचे. सापगावची मंगल माझ्या शेजारी बसायची, हसायला लागली की तिला आवरायला दुसरा माणूस लागायचा. सर तिला पहिल्यांदा "अहो मंगलताई, तुम्ही" म्हणाले तेव्हा तिनं मागं वळून बघितलं, आपली आई आली की काय म्हणून.

हे टकटकीचं खूळ सरांच्या डोक्यात आधीपासून असेलही, पण ते वाढलं आमच्या आधीच्या बॅचमुळे. ती पोरं मुरबाडच्या एका कारखान्यात मुलाखतीला पाठवली होती. चांगली तयारीची पोरं. सकाळी गेली, साहेबाच्या केबिनचं दार बंद दिसलं, तर समोरच्या झाडाखाली बसली. दुपारी भाकऱ्या खाल्ल्या, पुन्हा बसली. भोंगा झाला, साहेब मागच्या बाजूनं निघून गेला, पोरं संध्याकाळच्या गाडीनं परत. साहेबानं कळवलं की तुमचा एकही उमेदवार फिरकला नाही. सरांनी पोरांना विचारलं, आत का नाही गेलात? तर पोरं म्हणाली, "कोनी या म्हटलाच नाय."

आता यात पोरांचं काय चुकलं ते मला अजूनही कळत नाही. आमच्याकडे बंद दाराला कोण हात लावतो? दुसऱ्याच्या घरी गेलं की अंगणात उभं राहायचं, जरा खाकरायचं, हाक घालायची. घरातलं माणूस 'या, बसा' म्हणालं की मगच पाऊल उचलायचं. साहेबाच्या ऑफिसात हाक घालणं बरं दिसणार नाही, एवढा विचारसुद्धा पोरांनी केला होता. पण सरांनी ते ऐकून कपाळावर हात मारला. म्हणजे आधी दोनदा टकटक केली असेल, मग मारला असेल.

आणि आठवड्याभरात सरांनी दार आणलं.

भातसा धरणाच्या जुन्या वसाहतीतलं एक ऑफिस पाडत होते, तिथलं हे दार, चौकटीसकट. सुताराकडून खाली दोन्ही बाजूंना लाकडी पाय ठोकून घेतले आणि हॉलच्या मधोमध उभं केलं. अलीकडे हॉल, पलीकडे हॉल, मध्ये दार. भिंत नाही, काही नाही. पलीकडे खुर्ची आणि बाजूला टेबल टाकून सर साहेब होऊन बसणार, अलीकडून आम्ही एकेकानं यायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे दाराशी गेलो आणि तसेच परत जागेवर येऊन बसलो. कारण दारावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं: परवानगीशिवाय आत येऊ नये. मंगलनं ते सरांना वाचून दाखवलं. सर भलतेच खूश झाले. म्हणाले, "म्हणूनच तर परवानगी मागायची, मंगलताई."

सरांची पद्धत अशी. टकटक दोनदाच. एकदा म्हणजे चुकून हात लागला, तीनदा म्हणजे भांडायला आला. मग मनातल्या मनात स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव म्हणेपर्यंत थांबायचं. मग दार जरासं लोटून "आत येऊ का?" मग आत, आणि दार आपल्या मागं लावून घ्यायचं, न आपटता. यात तिळभर काही चुकलं की सर म्हणायचे, "पुन्हा." रागावणं नाही, आवाज चढवणं नाही. नुसतं "पुन्हा." आम्ही झोपेतसुद्धा पुन्हा म्हणायला लागलो होतो.

किन्हवलीकडचा जनू म्हणून एक पोरगा होता, अंगानं रेडा. त्यानं टकटक केली, सरांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तेव्हा तो दाराला वळसा घालून सरांपुढे जाऊन उभा राहिला आणि अगदी काळजीनं म्हणाला की सर, दार लागलेलं हाय. सर म्हणाले, पुन्हा. मग जनूनं मनापासून टकटक केली आणि दार चौकटीसकट सरांच्या अंगावर गेलं. हॉलमध्ये चिडीचूप. खालची गिरणीसुद्धा नेमकी तेव्हाच बंद पडली. आम्ही धावणार तेवढ्यात दाराखालून आवाज आला, "पुन्हा."

मंगलला त्या दिवशी पाणी पाजून घरी पाठवावं लागलं.

आठवड्यातून एकदा सरांचा मुरबाडला वर्ग असायचा. तिथं दुसरं दार घ्यायला वरून मंजुरी मिळेना. मग सर हेच दार एसटीच्या टपावर बांधून न्यायचे. सापगावच्या पुलावर पोरं उभी राहून वाट बघायची आणि गाडी आली की ओरडायची, सर, खिडक्या कधी नेणार? सर खिडकीतून हात हलवायचे. त्यांना तो सत्कार वाटायचा, आणि आता वाटतं, ते अगदीच चुकीचं नसावं.

आता माझं सांगते. वाइंडिंगमध्ये माझा हात चांगला होता. मास्तर माझी कॉइल दुसऱ्यांना दाखवायचे. पण त्या दारापुढे उभी राहिले की हात वर जायचा आणि तिथंच थांबायचा. बोटं दुमडलेली, दार वीतभर पुढे, आणि हात काही पुढे जाईना. मंगल मागून ढोसायची, जनू म्हणायचा तुझ्या बदल्यात मी मारू का, नको म्हटलं बाबा, तू नको. सर पलीकडून म्हणायचे, पुन्हा. मी काही केलेलंच नसायचं, तरी पुन्हा. असं किती दिवस चाललं. वाशिंदच्या एका पंख्यांच्या कारखान्यात आमच्या बॅचची मुलाखत ठरली होती, भादव्यात. ती जवळ यायला लागली तशी माझी भाकरी गोड लागेना.

कारण माझ्यापुढे दिवाळी उभी होती. आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगराच्या अंगाला. भात-नाचणी निघाली, दिवाळी सरली, की सगळा पाडा वीटभट्टीवर. माझी आई, बाप, धाकटा भाऊ, कोंबड्यासुद्धा ट्रकमध्ये. मी तेवढी आश्रमशाळेत असायचे म्हणून वाचलेली. सुट्टीला घरी यायचे तर घराला कुलपाच्या जागी सुतळी बांधलेली असायची. त्या वर्षी माझी बारावी झाली, आणि बापानं सांगून ठेवलं होतं की काम नाय लागला तर तूपन चल या टायमाला, एक हात वाढेल. रागानं नाही म्हणाला. त्याचं काय चुकलं? पण मला विटा नको होत्या. मला तार हवी होती, आणि आमच्या घराला सुतळी नको होती.

एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर सरांनी मला थांबवलं आणि विचारलं, तुमच्या घरी दार कोण वाजवतं?

"गार्ड," मी म्हटलं. "नाय तर मुकादम."

मग सगळं बोलून टाकलं. पाड्यावर दार म्हणजे बांबूच्या कामट्यांचा विणलेला झाप, तो दिवसभर उघडाच. आपली माणसं हाक घालतात. दारावर काठी मारणारे दोघेच: लाकडं हुडकायला येणारा जंगलाचा गार्ड, आणि दिवाळीनंतर ट्रक घेऊन येणारा भट्टीचा मुकादम. काठी वाजली की आई हातातलं टाकून उठायची. आवाज ऐकला की अजून मीपन उठून उभी राहते, आणि तुमी मला सांगता तोच आवाज मीच काढू.

सर उठले.  मला म्हणाले, बसा. कुठं, तर साहेबाच्या खुर्चीत. मी बसले. स्वतः दाराच्या पलीकडे गेले, दार लावून घेतलं आणि दोनदा टकटक केली. मी सवयीनं उठून उभी राहिले. "पुन्हा," सर पलीकडून म्हणाले. "उठायचं नाही. आणि या म्हणायची घाई नको. खुर्ची तुमची आहे. थांबा म्हणा."

"थांबा," मी म्हटलं. आवाज काही निघाला नाही. पुन्हा. "थांबा." आता जरा निघाला. आणि सर थांबले. मी पाणी प्यायले, ते थांबलेले. टेबलावरचा पेपरवेट फिरवून बघितला, ते थांबलेले. दाराखालून त्यांचे बूट दिसत होते. माझा बाप ज्याला साहेब म्हणाला असता असा टायवाला माणूस माझ्या 'या'साठी उभा होता! मला असं हसू फुटलं की पोरं जेवण सोडून वर आली. सर पलीकडून विचारत होते, आता येऊ का? मी म्हणत होते, थांबा. आख्खी दुपार आम्ही हाच खेळ खेळलो. सर वाजवणार, आम्ही आळीपाळीनं खुर्चीत बसून त्यांना थांबवणार. जनूनं तर त्यांना उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दारावर दोनदा टकटक केली. पलीकडून "या" आलं, पण जरा उशिरा. सर रुमाल शोधत होते.

भादव्यातल्या त्या सकाळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही वाशिंदला गेलो. सरांनी नवा टाय लावला होता. कारखान्याच्या लोखंडी गेटवर त्यांनी अशी काही टकटक केली की वॉचमन दांडा घेऊनच बाहेर आला. आत गेलो, बोळ ओलांडला, साहेबाच्या केबिनशी पोचलो, आणि बघतो तर काय, केबिनला दारच नाही. रंगकाम चाललं होतं, दार काढून नेलेलं, आणि चौकटीला नुसता हिरवा पडदा.

आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी पडद्याकडे बघितलं. एक बोट पुढे नेलं, पडदा हलला, बोट मागं घेतलं. सगळा जन्म दाराच्या एका नाही तर दुसऱ्या बाजूला काढलेला माणूस, त्याला काही सुचेचना. जनूला पुढे केलं. त्यानं भिंतीवर टकटक केली. सिमेंटची भिंत, ती कशाला वाजते? बोटं झटकत परत आला आणि म्हणाला, भिंत बहिरी हाय.

मग मी गेले. मला विचारलंत तर मी काहीच ठरवलं नव्हतं. हात सवयीनं वर गेला, मूठ वळली, आणि मी पडद्यावर टकटक केली. पडदा आत गेला आणि त्याच्यासोबत माझा हात, कोपरापर्यंत. आत कुणीतरी बोलत होतं ते बोलायचं थांबलं. हात आत, मी बाहेर. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं मनात म्हणून झालं. आणि मग माझ्या तोंडातून आपसूक हाक गेली, पाड्यावर अंगणातून घालतात तश्शी, खणखणीत:

"हाय का गो कोनी घरात?"

मागं मंगल तोंडात ओढणी कोंबून खाली बसली. सरांनी डोळे मिटले. एवढ्या मोठ्या साहेबाला मी बाईमाणसाला म्हणतात तसं 'गो' म्हटलं होतं. गेलं सगळं, म्हटलं. चला आता विटा थापायला.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग असा मोकळा हसण्याचा आवाज, पोटातून. "हाय की," साहेब म्हणाले. "या, बसा."

साहेब कुठल्याशा घाटावरच्या खेड्यातले निघाले. त्यांच्या गावीही असंच अंगणातून हाक घालतात, म्हणाले, आणि किती वर्षांत कुणी घातली नव्हती. पण हाकेवर कुणी नोकरी देत नाही हो. त्यांनी मला खाली नेलं, पंख्याची रिकामी बॉडी पुढे ठेवली आणि तार भर म्हणाले. ती मी भरली. तिथं माझा हात कुठंच अडला नाही. मला घेतलं, मंगलला घेतलं, जनूला स्टोअरमध्ये घेतलं, कारण सामान उचलायला तसा माणूस त्यांना शोधून सापडला नसता.

परत येताना जीपमध्ये आम्ही गाणी म्हणत होतो. सर मात्र बाहेर बघत बसलेले. शहापूर आलं तेव्हा म्हणाले, मी एकच दार आणलं, हे चुकलं. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बॅचसाठी हॉलमध्ये पडदा लागला, आणि टकटकीच्या बरोबरीनं खाकरणं आणि हाक घालणं सुरू झालं. गिरणीवाला सांगायचा, वरती आता सगळ्यांना खोकला झालाय.

आणि दार? वरून एकदाची नव्या दाराला मंजुरी मिळाली, आणि जुनं दार रिकामं उभं ठेवू नये, असं सरांचं म्हणणं. ते त्यांनी आमच्या घराला दिलं. तोच कंडक्टर, तीच गाडी, टपावर तेच दार. डोळखांबपासून बाप आणि काका ते खांद्यावर घेऊन डोंगर चढले. कुडाच्या भिंतीत ते बसवलं तेव्हा घरापेक्षा दारच दणकट दिसायला लागलं. आईनं विचारलं, यावर काय लिवलाय? मी वाचून दाखवलं, तशी ती हसत हसत उंबऱ्यावरच बसली. तोवर शेळी परवानगी न घेता आत गेली होती. सरांचा थांबा-थांबाचा खेळ मी आईला सांगितला होता. तिनं तो बापावर सुरू केला. बिचारा रानातून मोळी घेऊन यायचा आणि स्वतःच्या दारावर टकटक करून उभा राहायचा.

आठवडाभर मी मंगलच्या घरी सापगावला राहायचे, तिथून वाशिंदला, आणि सुट्टीला घरी. दिवाळी सरली. मी घरी असतानाच एका सकाळी खाली ट्रक वाजला आणि आमच्या दारावर काठी पडली. मी सवयीनं उठून उभी राहिले. आई भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"थांबा," आई म्हणाली.

आणि मुकादम थांबला! दारावरचं वाचत असेल, त्याला वाचता येत होतं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगवली, दुसरी टाकली, तीही फुगवली. मग हात पुसून दार उघडलं आणि म्हणाली, औंदा नाय. माझी लेक कामाला लागली, पोराची शाळा हाय. मुकादम काहीबाही पुटपुटला, पुढच्या घराकडे वळला. बाप मागं कोपऱ्यात उभा होता, तो आईकडे बघतच राहिला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही केलं. त्या वर्षी पाडा निम्मा रिकामा झाला, पण आमच्या घराला सुतळी लागली नाही.

पौषात सर आले. कंडक्टरनं त्यांना डोळखांबला उतरवून वाट दाखवली होती. बूट घालून डोंगर चढून आले, घामानं टाय गळ्याला चिकटलेला. दार सताड उघडं होतं, मी आतून त्यांना बघत होते. ते दाराजवळ आलेच नाहीत. अंगणात मधोमध उभे राहिले, टाय सरळ केला, व्यवस्थित खाकरले आणि आपल्या मुंबईच्या आवाजात हाक घातली, "हाय का गो कोणी घरात?"

आई उठली. मला वाटलं, या बसा म्हणायला उठली. तर तिनं जाऊन सरांच्या तोंडावर दार लावून घेतलं. वर कडी घातली. मी मेलेच.

बाहेर काही आवाज नाही. मग पावलं आली. मग टकटक, दोनदा.

"थांबा," आई म्हणाली. तिनं घोंगडी अंथरली, तांब्या भरला, केस सारखे केले, मला डोळ्यांनी गप्प केलं. मग कडी काढली, मागं येऊन बसली आणि म्हणाली, "या."

सर आत आले. छपराची वळचण आमच्या उंचीची, ती त्यांच्या कपाळाला लागली. पण चेहरा असा फुललेला की त्यांना ते कळलंही नसावं. त्या आनंदात ते दार लावायचं विसरले, आणि त्यांच्या मागोमाग शेळी आत आली. आईनं शेळीकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं.

"पुना," आई म्हणाली.

सरांनी कपाळ चोळलं, शेळीचा कान हलकेच धरला आणि म्हणाले, "चला, तुम्हीसुद्धा." दोघे बाहेर गेले. दार लागलं, न आपटता. आई नि मी घोंगडीवर हसू दाबून बसलो, टकटकीची वाट बघत.